सौजन्याचा पाठ

आमच्या थोरल्या बंधूंस घरांत सारे अण्णा म्हणतात. काचबिंदूनें त्यांची दृष्टि मावळून नऊ वर्षें झालीं. तरी निवृत्तिवेतन आपल्या हातानें काढून आणावयाचें हा त्यांचा नेम होता. २०२३ च्या डिसेंबरांत आम्ही दोघे बँकेंत गेलों. खिडकीवरील तरुणानें अण्णांकडे पाहिलें आणि मला विचारलें, “ह्यांना किती पाहिजेत?” आंकडा अण्णांनीं सांगितला. पुढचा प्रश्नही मलाच: “ह्यांना सही येते का? नाहीं तर अंगठा घेऊं.” हिशेबखात्यांत पस्तीस वर्षें दुसऱ्यांच्या सह्या पडताळणारे अण्णा गप्प राहिले. रस्त्यांत मात्र म्हणाले, “अरे, त्याला मी बहिरा आणि मुकाही वाटलों काय?” पुढच्या महिन्यांत बँकेचें नांव निघतांच ते म्हणाले, “तूंच घेऊन ये.”

वाचकहो, तो तरुण दुष्ट नव्हता. त्यानें खुर्ची पुढें ओढली, पाणी विचारलें. दया त्याच्यापाशीं होती. रीत त्याला कोणीं शिकविली नव्हती. नियम तर कधींच झालेले आहेत. दृष्टिहीनांस धनादेश-पुस्तक, एटीएम, लॉकर इत्यादि सोयी भेदभावावांचून द्याव्या, असें रिझर्व्ह बँकेनें ४ जून २००८ च्या परिपत्रकानें बँकांस बजाविलें. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अंमलांत आहे. त्यांत २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची गणना असून, सेवा देणारी संस्था सरकारी असो वा खाजगी, तिची सेवा त्यांस सुगम असली पाहिजे असा दंडक आहे. परंतु परिपत्रक फाईलींत राहतें आणि गिऱ्हाईक खिडकीशीं उभें असतें. वनपर्वांतील अष्टावक्रानें जनकासच वाटेच्या मानाचा क्रम ऐकविला. त्यांत अंध पहिला आणि राजा मागाहून. पुढें त्याच अष्टावक्रास, बालक म्हणून, द्वारपाळानें दारांत अडविलें. द्वारपाळांचें शिक्षण तेव्हांही राहूनच गेलें असावें!

अण्णांनीं मजकडून शाखाधिकाऱ्यांस पत्र लिहविलें. ते गृहस्थ समंजस. एका शनिवारीं काम आटोपल्यावर त्यांनीं सर्व नोकरवर्गास बसविलें आणि शिक्षकाच्या खुर्चीवर अण्णांस. मीं आयुष्यभर वर्ग घेतले. पण इतका मुद्देसूद वर्ग क्वचितच पाहिला.

डोळ्यांस रुमाल बांधून चालून पाहूं या, असें एकानें सुचविलें. अण्णांनीं तें मोडून काढलें. पांच मिनिटांच्या अंधारानें माणूस घाबरतो, आणि अंधाचें जिणें म्हणजे नुसती भीति असें समजून घरीं जातो. त्यापेक्षां मला दारापासून खिडकीपर्यंत न्या, म्हणाले. पहिल्यानेंच त्यांचा दंड धरून पुढें ढकललें. “मला धरूं नका, मला तुमचा हात धरूं द्या.” मदत हवी का, हें आधीं त्या माणसासच विचारावें. हो म्हटल्यास आपला कोपर पुढें करावा. कोपराच्या किंचित् वर हात ठेवून तो अर्धें पाऊल मागून चालतो, आणि आपल्या अंगाच्या हालचालीवरून वळण त्यास कळतें. पायरीशीं थांबून ती चढती कीं उतरती हें सांगावें. खुर्चीवर दाबून बसवूं नये. खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात टेकवावा, पुढचें तो पाहतो. “इकडे, तिकडे” हे शब्द निरुपयोगी. “उजव्या हाताला, दोन पावलांवर” म्हणावें. नोटा मूल्य उच्चारून हातांत मोजाव्या. नव्या मालिकेंतील शंभराच्या नोटेवर त्रिकोण व पांचशेंच्या नोटेवर वर्तुळ उठावानें छापलेलें असतें. पण नोट मळली कीं तो उठाव बोटांस लागत नाहीं, हा अण्णांचा अनुभव. आणि जागेवरून उठतांना “मी जातों” असें सांगून उठावें.

बहिऱ्यांविषयीं ते थोडेंच बोलले, “तें त्यांनाच विचारा.” समोर तोंड करून नेहमींच्या गतीनें बोलावें, ओरडूं नये, कागद-पेन्सिल जवळ असावी, एवढेंच. चाकांची खुर्ची न विचारतां ढकलूं नये; अडखळत बोलणाऱ्याचें वाक्य आपण पुरें करूं नये.

ऐकतां ऐकतां मला आमचेंच घर आठवलें. अण्णांच्या चहांत साखर किती, हें पाहुण्यांनीं माझ्या पत्नीस विचारावें आणि तिनें सांगावें, असें आमच्याकडे नऊ वर्षें चालत आलें होतें.

पुढील महिन्यांत अण्णा मला घेऊन पुन्हा खिडकीशीं गेले. तोच तरुण. “नमस्कार काका, मी दोन नंबरच्या खिडकीवरून बोलतों आहें.” जुन्या दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्यास सहीपुरती खांच कापून त्यानें ठेवली होती. ती कागदावर बसवून, विचारून, अण्णांचें बोट त्यानें खांचेच्या कडेस टेकविलें. सही सरळ आली. नोटा मोजून झाल्या. मग कोणीं तरी हांक मारली म्हणून तो न सांगतां उठून गेला, आणि अण्णा रिकाम्या खुर्चीस ठेवीवरील व्याजाचा दर विचारीत राहिले. परत येतांच त्याच्या ध्यानांत आलें.

“काका, चुकलों. सांगायचें राहिलें.”

“तेंच परीक्षेंत येणार होतें,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनीं दर पुन्हा विचारला.