पाकाची खूण

अन्नतंत्र शिकविणारी शिक्षिका म्हणजे मुलींना स्वयंपाक शिकविणाऱ्या बाई, अशी समजूत आपल्याकडे अजूनही आढळते. स्वयंपाकाला मी कमी लेखीत नाही. परंतु पदार्थ का टिकला आणि का नासला, हे विचारणे हा आमच्या तासाचा खरा विषय.

पेरूच्या जेलीचेच घ्या. पाक १०५ अंश सेल्सिअसला आला की भांडे उतरवावे, असे पुस्तकात असते. हा आकडा समुद्रसपाटीचा. आपले बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर. येथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळते. येथे पाक १०५ अंशांपर्यंत आटविला, तर तो प्रमाणाबाहेर दाट होतो, जेली चामट होते आणि बरणीत साखरेचे स्फटिक धरतात. म्हणून विद्यार्थ्यांना मी आधी नुसते पाणी उकळून तापमापक पाहावयास लावते. त्या आकड्यावर ५ अंश चढले, की पाक झाला. तेव्हा त्यात विरघळलेले घटक, मुख्यतः साखर, शंभरात ६५ ते ६८ भाग असतात आणि बहुतेक जंतूंना वाढण्यापुरते मोकळे पाणी उरत नाही. आपल्या आज्या एकतारी, दोनतारी म्हणत, तेही दाटपणाचेच मोजमाप. फक्त बोटांनी केलेले.

जेली बिघडली तर फार तर एक बरणी वाया जाते. मटार वा घेवडा पाण्यात उकळून बाटलीत बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते. कैरीचा आंबटपणा लोणच्याला सांभाळतो, सामू ४.६ हून कमी असला, की बोट्युलिनम जंतू वाढत नाही. या भाज्यांत तेवढे आम्ल नसते. त्या जंतूचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. त्यांना दाबाखालची १२१ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. उघड्या पातेल्यात, त्यातही आपल्या उंचीवर, ती मिळणार कोठून? आणि विष तयार झाले तरी वास वा रंग बदलेलच असे नाही.

आमचे काही माजी विद्यार्थी घरगुती पदार्थ विकतात. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये त्यांनाही नोंदणी करावी लागते. पण नोंदणीचा कागद बाटलीत डोकावून पाहत नाही.

परीक्षेत मी जेलीची कृती विचारीत नाही. हीच जेली मडगावला करावयाची झाल्यास कोणता आकडा बदलाल व का, एवढेच विचारते.