येलदरी ते राहटी : वाटेतल्या पाण्याचा हिशेब

२०११च्या जनगणनेत परभणी शहराची लोकसंख्या तीन लाख सात हजार भरली. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी प्रमाण धरलं, तर दिवसाला सव्वाचार कोटी लिटरच्या आत-बाहेर पाणी लागतं, वर्षाला साधारण १५ दशलक्ष घनमीटर (दलघमी). आता जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर असलेल्या येलदरी धरणाकडे पाहा. उपयुक्त साठा ८०९ दलघमी आणि त्याखालचा मृतसाठा १२४. म्हणजे ‘येलदरी शून्य टक्क्यांवर’ अशी बातमी येते त्या दिवशीही संकल्पित आकड्यांनुसार शहराला आठ वर्षं पुरेल इतकं पाणी तळाशी असतं. गाळ आणि बाष्पीभवन वजा केलं तरी आकडा लहान होत नाही. तरीही परभणीकरांनी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येणाऱ्या नळावर वर्षानुवर्षं काढली. पाणी होतं, ते आणायची वाट धड नव्हती.

ती वाट अशी होती. येलदरीतून सुटलेलं पाणी आधी २२.५ मेगावॉटच्या वीजकेंद्रातून जायचं, मग खालच्या सिद्धेश्वर धरणात अडायचं. पूर्णा प्रकल्पाचे कालवे तिथूनच निघतात. सुमारे ५८ हजार हेक्टर भिजवण्यासाठी ही जोडी बांधली गेली. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि साठ्याचं धरण परभणीत, वाटपाचं धरण हिंगोलीत अशी विभागणी झाली. शहरासाठीचं पाणी सिद्धेश्वरमधून नदीपात्रात सोडायचं आणि ते राहटीच्या बंधाऱ्यात पोचलं की उपसायचं.

भर उन्हाळ्यात कोरड्या पात्रात पाणी सोडणं हा मोठा खर्चिक प्रकार. आधी वाळू पिते, मग डोह भरतात, मग काठावरच्या मोटारी सुरू होतात. त्या बंद राहाव्यात म्हणून प्रशासन काठच्या गावांचा वीजपुरवठा तोडतं आणि पथकं फिरवतं. याला सरसकट पाणीचोरी म्हणणं मला पटत नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत हळद वाळते आणि बांधाखालून पाणी वाहतं, त्याने हात बांधून बसावं ही अपेक्षा कागदावरच शोभते.

कागदाचंही महत्त्व आहेच. १५ ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे त्यावर वर्षाचं नियोजन ठरतं. पिण्याचं आरक्षण आधी, सिंचनाची आवर्तनं मागून. गावांसाठी टंचाई आराखडा वेगळा, तीन टप्प्यांचा : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. विंधन विहिरींची दुरुस्ती, खासगी विहिरींचं अधिग्रहण, तात्पुरती नळयोजना, आणि काहीच जमलं नाही तर टँकर. टँकरचं माप माणशी २० लिटर. शहराच्या कागदी मापाचा हा जेमतेम सातवा हिस्सा, पण त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

टँकरचीच थोरली बहीण २०१६च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला आली. मिरजेहून निघालेल्या पहिल्या पाणीगाडीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी होतं. देशभर तिचे फोटो झळकले. परभणीला पूर्ण मापाने पाणी द्यायचं तर तशा ८३ गाड्या रोज लागल्या असत्या.

शहराला खरा आधार मिळाला तो येलदरीतून थेट टाकलेल्या जलवाहिनीने. छोट्या-मध्यम शहरांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून काम सुरू झालं, रखडलं, पुढे अमृत योजनेच्या पैशावर रेटलं गेलं. वाळू आणि मोटारी दोन्ही हिशेबातून गेल्या. तरी वरच्या अंगाला बुलढाण्यात खडकपूर्णा धरण आहे. त्याचं पोट भरल्यावरच येलदरीची पाळी येते, आणि ते कोणत्याही जलवाहिनीने बदलत नाही.

सिद्धेश्वर ते राहटीच्या काठावरच्या गावांचं मात्र वेगळंच झालं. शहरासाठी सुटणाऱ्या पाण्यातून त्यांच्या विहिरींना पाझर मिळायचा, जनावरांना डोह मिळायचे. तो ‘अपव्यय’ वाचला, म्हणजे त्यांचा वाटा गेला. आरक्षणाच्या तक्त्यात शहर असतं, नगरपालिका असतात, उद्योग असतात. काठच्या गावांना नदीतून जे आपोआप मिळत होतं त्याचा रकाना त्यात आधीही नव्हता. आता तो मागायचा तर सिद्धेश्वरच्या दारांसाठी हिंगोलीत आणि येलदरीच्या साठ्यासाठी परभणीत, असे दोन जिल्ह्यांत अर्ज करावे लागतील.