*वाकोल्याचं गिऱ्हाईक: चौकशी आली, पुढं काय?*



फवारणीचा सल्ला नेहमीच्या दिवशी वेगळा येईल. आजचा मेसेज विक्रीचा आहे. थोडा मोठा आहे, दुपारी निवांत वाचा आणि घरात फोन जो सांभाळतो त्यालाही वाचायला द्या.

यंदा कंपनीची थेट विक्रीची गाडी आधी मुंबईत वाकोल्याला जाणार आहे. बऱ्याच सभासदांनी विचारलं, "फेसबुकवर टाकलं तर सगळ्या मुंबईतून फोन येतात, मग एकट्या वाकोल्यात का अडकायचं?" प्रश्न बरोबर आहे. आजचं सगळं त्याचंच उत्तर आहे.

*१) आधी भाग ठरवा, मग जाहिरात*

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. तेव्हापासून आपला आंबा समितीच्या आवाराबाहेर थेट विकायला मोकळीक आहे. २०२० च्या टाळेबंदीत वाशीचा बाजार काही दिवस बंद राहिला, तेव्हा अनेक शेतकरी गटांनी व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी घेऊन सोसायटीच्या गेटवर माल उतरवला. तेव्हा एकाच गेटवर एकदम बऱ्याच पेट्या जात होत्या, म्हणून गाडी परवडत होती. आता ऑर्डर अंधेरीत एक, मुलुंडला एक, बोरिवलीला एक अशी विखरून आली, तर नफा डिझेल आणि ट्रॅफिक खाऊन टाकतात.

हिशोब करून बघा. समजा मुंबईत शिरल्यावर गाडी आणि माणसाचा दिवसाचा खर्च ३,००० रुपये आला. एकाच भागात ६० पेट्या उतरल्या तर पेटीमागे ५० रुपये पडतात. तीच गाडी शहरभर फिरून दिवसात २० पेट्याच पोचवू शकली तर पेटीमागे १५० रुपये. गिऱ्हाईक तेच, आंबा तोच, पण पेटीमागे १०० रुपये आपल्या खिशातून गेले.

म्हणून वाकोला. सांताक्रूझ पूर्व, पिनकोड ४०००५५. द्रुतगती महामार्गाला लागून आहे, एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला कलिन्याचं विद्यापीठ, पलीकडे बीकेसीची ऑफिसं. जुनं गावठाण, चाळी, एसआरएच्या इमारती आणि नवे टॉवर सगळं जवळजवळ आहे. चाळीतलं गिऱ्हाईक एक डझन मागेल, टॉवरमधलं दोन-तीन डझन, ऑफिसवाला भेट द्यायला दहा पेट्या. गाडी मात्र त्याच तीन-चार रस्त्यांवर फिरेल.

तेव्हा पोस्ट टाकताना "संपूर्ण मुंबईत घरपोच" लिहू नका. "वाकोला, कलिना, सांताक्रूझ पूर्व – दर शनिवारी गेटवर पोच" असं लिहा. फोन कमी येतील, पण जे येतील ते आपल्या गाडीच्या वाटेवरचे असतील.

*२) नेटवर दुकान: दोनच गोष्टी पक्क्या करा*

*व्हॉट्सअॅप बिझनेस:* हे अॅप फुकट आहे. विक्रीसाठी वेगळं सिम घ्या, म्हणजे घरचे फोन आणि गिऱ्हाइकाचे फोन मिसळणार नाहीत. प्रोफाइलमध्ये गावाचं नाव, बागेचा फोटो, ऑर्डर घ्यायची वेळ टाका. कॅटलॉगमध्ये तीनच वस्तू ठेवा: एक डझन, दोन डझन, पाच डझन. प्रत्येकाखाली फळाचं वजन लिहा, उदाहरणार्थ "२०० ते २५० ग्रॅम". नुसतं "मोठा आंबा" लिहिलं की भांडणाची सोय झाली. फोटो आपल्याच बागेचा हवा, नेटवरून उचललेला नको.

*गूगलवरची नोंद:* ही प्रत्येकानं वेगळी करू नका, कंपनीच्या नावानं एकच राहील. पत्ता आपल्या पॅकहाऊसचा आणि सेवा देण्याच्या भागात वाकोला-सांताक्रूझ. वाकोल्यात गाळा नसताना तिथला पत्ता टाकला तर गूगल नोंद बंद करू शकतं. गिऱ्हाइकाला आंबा आवडला तर "दोन ओळी गूगलवर लिहा" असं जरूर सांगा, पण त्या बदल्यात पैसे किंवा सवलत देऊ नका. ते नियमात बसत नाही.

भावाचं चित्र बनवताना एक गोष्ट विसरू नका: *त्यावर तारीख टाका.* "हा भाव अमुक तारखेपर्यंत" असं ठळक लिहा. फॉरवर्ड झालेलं चित्र महिनाभर फिरत राहतं. मेमध्ये आवक वाढून भाव उतरतो, तेव्हा पाडव्याचा भाव बघून गिऱ्हाईक पळतं. उलट मेमधलं चित्र जपून ठेवणारा पुढच्या पाडव्याला त्याच भावानं मागतो.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे आहेत. ज्या सभासदांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाली आहे त्यांनीच पेटीवर आणि पोस्टवर मानांकनाचं चिन्ह लावा. बाकीच्यांनी नोंदणीसाठी ऑफिसला सांगा.

*३) "भाव काय?" याचं उत्तर नुसता आकडा नाही*

दहातली बहुतेक गिऱ्हाइकं पहिला मेसेज एकच करतात, "रेट?" आपण आकडा पाठवतो, ती गप्प होतात आणि आपण समजतो की भाव जास्त वाटला. बऱ्याचदा तसं नसतं. त्यांनी एका वेळी चार जणांना विचारलेलं असतं. ज्याचं उत्तर आधी आणि पुरतं येतं, त्याच्याशी बोलणं पुढं सरकतं.

हे उत्तर क्विक रिप्लायमध्ये साठवून ठेवा. तिरकी रेघ दाबली की निवडता येतं:

_"नमस्कार, चौकशीबद्दल आभार. २०० ते २५० ग्रॅमचा हापूस, एक डझन ____ रुपये, वाकोल्यात गेटवर पोच धरून. आंबा आमच्या बागेतला, पेंढ्यात पिकवलेला, कार्बाइड नाही. गाडी शनिवारी येते, ऑर्डर गुरुवार संध्याकाळपर्यंत. आपली बिल्डिंग कोणती आणि किती डझन हवे?"_

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. प्रश्नानं संपणाऱ्या मेसेजला उत्तर येतं, आकड्यानं संपणाऱ्याला येत नाही. शिवाय बिल्डिंगचं नाव कळलं की आपल्या वाटेवरचं आहे की नाही ते लगेच ठरतं. वाटेबाहेरचं असेल तर सरळ सांगा, "ताई, त्या भागात आमची गाडी येत नाही. वाकोल्याच्या गेटवरून घेता येईल का?" खोटं आश्वासन देऊ नका.

कार्बाइडबद्दल सगळे विचारतात. अन्न सुरक्षा नियमांनुसार कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला बंदी आहे, इथिलीन वायू ठरलेल्या प्रमाणात चालतो. तुम्ही जे करता तेच लिहा. अढीत पिकवत असाल तर अढीचा फोटो पाठवा, त्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

*वेळेचं गणित:* काढणी आपण सकाळी ऊन चढायच्या आत आणि चारनंतर करतो. हातात झेला असताना फोन बघू नका. दुपारी १२ ते ३ आणि रात्री ८ ते ९ या दोन वेळा उत्तरासाठी ठेवा. शहरातली माणसंही तेव्हाच मोकळी असतात. मधल्या वेळेसाठी अवे मेसेज लावा: "आम्ही बागेत आहोत, दुपारी १२ नंतर नक्की उत्तर देतो." आणि मग खरंच द्या. घरात मुलगा, मुलगी, सूनबाई कोणी फोन सांभाळणार असेल तर एकाच माणसाकडे जबाबदारी द्या. दोघांनी दोन भाव सांगितले की ऑर्डर गेलीच म्हणून समजा.

*४) चौकशीची वही*

फोनमधला मेसेज दोन दिवसांत खाली जातो, मग सापडत नाही. म्हणून दोन कामं करा.

एक, व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला लेबल लावा. पाच पुरे:
– नवी चौकशी
– भाव सांगितला
– ऑर्डर पक्की
– पैसे आले
– माल पोचला

दोन, साधी वही घाला. रकाने: तारीख, नाव, बिल्डिंग, किती डझन, काय बोलणं झालं, पुन्हा कधी विचारायचं. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका. "भाव सांगितला" वर अडकलेल्याला दोन दिवसांनी एकदा विचारा: "शनिवारच्या गाडीत तुमच्यासाठी पेटी ठेवू का?" तरीही उत्तर नाही आलं तर सोडा. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस नंबर ब्लॉक करतो, आणि बऱ्याच लोकांनी तक्रार केली तर खातंच बंद होऊ शकतं.

गिऱ्हाइकांचा एकत्र ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आत शिरलेला दुसरा विक्रेता तो उचलतो, आणि न विचारता जोडलं म्हणून लोक रागावतात. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणून पहिली पेटी देतानाच सांगा, "काकू, आमचा नंबर आंबेवाले म्हणून सेव्ह करून ठेवा, नवा भाव कळवत जाईन."

*५) दुसरी पेटी कशी जाते*

पहिली पेटी भावावर जाते, दुसरी विश्वासावर. पेटीवर काढणीची तारीख लिहा. हापूस काढणीपासून साधारण ८ ते १२ दिवसांत तयार होतो. शहरातल्या माणसाला ते माहीत नसतं. हिरवा आंबा बघून तो फ्रिजमध्ये टाकतो आणि मग चव नाही म्हणून आपल्याला बोलतो. माल पोचल्यावर दोन दिवसांनी हा मेसेज पाठवा:

_"आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका. पेंढ्यातच राहू द्या, रोज एकदा बघा. वास सुटला आणि देठाजवळ दाबून थोडा मऊ लागला की खायला घ्या. काही अडचण असेल तर फोटो पाठवा."_

आता साक्याचं. साका बाहेरून दिसत नाही हे आपल्याला माहीत आहे, गिऱ्हाइकाला नाही. त्याला वाटतं फसवलं. म्हणून नियम आधीच सांगून ठेवा: कापलेल्या फळाचा फोटो आला की तेवढी फळं पुढच्या गाडीत बदलून देऊ. वाद घालू नका. दोन आंब्यांवरून भांडण केलं तर ती बिल्डिंग जाते, आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक वाईट मेसेज पडला की पुढच्या हंगामापर्यंत पुसत नाही.

*६) खोटी चौकशी ओळखा*

हा भाग नीट वाचा, यात पैसे जातात.

– "मी लष्करात अधिकारी आहे, कॅम्पसाठी ५० पेट्या हव्यात, भाव तुम्ही म्हणाल तो." असा फोन आला आणि पुढं "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" असं म्हटलं की फोन ठेवा. *पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही.* पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात.
– पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट खोटा असू शकतो. स्वतःच्या बँकेत जमा झालेलं बघा, मगच पेटी उतरवा.
– "चुकून जास्त पाठवले, परत करा" म्हणाला तर आधी खातं तपासा.
– नव्या गिऱ्हाइकाकडून मोठ्या ऑर्डरची निम्मी रक्कम आधी घ्या. खरा माणूस नाही म्हणत नाही.

फसवणूक झालीच तर लाजू नका, उशीर करू नका. ताबडतोब *१९३०* या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा.

*७) दर रविवारी तीन आकडे*

आठवड्याच्या शेवटी वहीतून तीनच आकडे काढा: चौकश्या किती, ऑर्डरी किती, परत मागवणारे किती.

– चौकश्याच कमी असतील तर आपण लोकांना दिसत नाही. ज्यांनी माल घेतलाय त्यांना सांगा, सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा.
– चौकश्या भरपूर पण ऑर्डरी कमी असतील तर उत्तर उशिरा जातंय, अर्धवट जातंय किंवा भाव बसत नाही.
– ऑर्डरी झाल्या पण परत कोणी मागत नसेल तर जाहिरातीवर एक रुपया घालू नका. प्रतवारी, पॅकिंग आणि पिकवण तपासा.

पान पिवळं पडलं म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही, आधी कारण बघतो. इथंही तसंच.

*या आठवड्यात करायची कामं:*
१. विक्रीसाठी वेगळा नंबर चालू करून व्हॉट्सअॅप बिझनेस टाका.
२. वाकोला, कलिना, सांताक्रूझ पूर्वेला राहणारे आपले नातेवाईक आणि गाववाले यांची यादी करा. "तुमच्या बिल्डिंगमध्ये कोणाकोणाला आंबा हवा असतो?" एवढंच विचारा.
३. पाडवा आणि अक्षय्य तृतीयेला तुम्ही किती डझन नक्की देऊ शकता तो आकडा कंपनीच्या नंबरवर कळवा. झाडावर दिसतोय तेवढाच सांगा. मोहोर बघून वाढवून सांगू नका, कारण त्याच आकड्यावर आपण लोकांकडून ऑर्डर घेणार आहोत.

क्विक रिप्लाय किंवा लेबल लावायला जमत नसेल तर काका-दादा-ताई, संकोच करू नका. व्हॉइस मेसेज टाका किंवा ऑफिसला या, समोर बसून लावून देतो.

– तुमचा कृषी सल्लागार