गॅसवर चालणारे कपडे वाळविण्याचे यंत्र सुरू का होत नाही?

ओल्या कपड्यातील पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते आणि ती वाफ कपड्यापासून दूर नेण्यास वाहती हवा लागते. आपल्याकडे ही दोन्ही कामे ऊन आणि वारा फुकट करितात. दोरी व चिमटे एवढीच काय ती सामग्री. अमेरिकेच्या उत्तर भागातील हिवाळ्यात मात्र बाहेर टाकलेला कपडा गोठून फळीसारखा ताठ होतो. नॉर्थ डकोटा राज्यातील जे. रॉस मूर यांनी या अडचणीतून वाट काढण्यासाठी वाळवणयंत्राचा आराखडा तयार केला, आणि त्यावरून विस्कॉन्सिनमधील हॅमिल्टन कंपनीने १९३८ मध्ये एक यंत्र विक्रीस आणिले. त्याचे नाव होते ‘जून डे’, म्हणजे जूनमधील दिवस. मराठी वाचकास जून म्हटला की मृगाचा पाऊस आठवेल. अमेरिकेत तो स्वच्छ उन्हाचा महिना होय.

आज हे यंत्र अमेरिकेतील असंख्य घरांत असते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही ते आढळते. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात उष्णता विजेपासून मिळते व त्यास २४० व्होल्टचा पुरवठा लागतो. दुसऱ्यात ती नैसर्गिक वायूच्या ज्वालेपासून मिळते. या दुसऱ्या प्रकारास लोक ‘गॅसचे यंत्र’ म्हणतात, आणि तेथेच घोटाळा होतो. यंत्र निपचित पडले की घरातील मंडळी प्रथम गॅसची तोटी तपासू लागतात. वस्तुतः गॅस फक्त हवा तापवितो. कपड्यांचे पिंप फिरविणे आणि पंख्याने हवा खेचणे ही दोन्ही कामे एकच विजेची मोटर करिते, आणि तीस साध्या १२० व्होल्टच्या खोबणीतून वीज मिळते.

यंत्र सुरू होताना कोणती क्रिया कोणत्या क्रमाने घडते हे ध्यानात घेतले, म्हणजे दोष कोठे शोधावा हे आपोआप कळते. कळ दाबताच प्रवाह मोटरकडे निघतो. पण वाटेत त्यास दाराची कळ, एक वितळतार आणि कित्येक यंत्रांत पट्ट्याची कळ ओलांडावी लागते. यांपैकी एकही दुवा तुटला तर मोटर हलत नाही. मोटरने पुरेसा वेग घेतला की तिच्यावरील केंद्रोत्सारी कळ मिटते आणि तेव्हाच ज्वालकाकडे वीज जाते. तेथे बहुधा सिलिकॉन कार्बाइडची एक लहान कांडी तापून लालभडक होते. शेजारचा संवेदक ती पुरेशी तापल्याचे ओळखतो, आणि मग कोठे गॅसची झडप उघडून ज्वाला पेटते. ही ज्वाला ताशी सुमारे २०,००० ब्रिटिश उष्णता एकके, म्हणजे जवळजवळ ६ किलोवॉट उष्णता देते. एवढी आग वाहत्या हवेवाचून पेटू नये म्हणूनच मोटर आधी व गॅस शेवटी अशी योजना केलेली असते. तेव्हा पिंप फिरते पण कपडे गार राहतात, ही तक्रार ज्वालकाची. पिंपच फिरत नाही, ही तक्रार विजेची अथवा मोटरची. येथे विचार दुसऱ्या तक्रारीचा आहे.

मात्र गॅसचा वास येत असल्यास कोणतीही तपासणी करू नये. विजेची कोणतीही कळ न दाबता घराबाहेर पडावे आणि बाहेरूनच गॅस कंपनीस अथवा अग्निशमन दलास कळवावे.

वास नसल्यास प्रथम खोबणीत एखादा दिवा लावून वीज येते की नाही ते पाहावे. पुष्कळदा घराच्या विद्युत्फलकावरील खटकाच पडलेला असतो. नव्या यंत्रांत लहान मुलांसाठी ठेवलेले कळींचे कुलूप चुकून लागलेले असते, हेही विसरू नये. नंतर दार मिटताना कळीचा ‘टिक्’ असा आवाज येतो का ते ऐकावे. पिंप हाताने फिरवून पाहावे. ते अगदी सैल फिरत असेल तर पट्टा तुटला असण्याचा संभव मोठा. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, असे आढळल्यास यंत्र तत्काळ बंद करावे, नाही तर तिची वेटोळी जळतील. अशा वेळी पंख्यात एखादा पायमोजा अडकलेला निघतो, किंवा मोटरचे आरंभीचे वेटोळे निकामी झालेले असते.

हे सर्व ठीक असूनही यंत्र मुकेच राहिले, तर उष्णतेची वितळतार संशयास्पद ठरते. ही बोटाच्या पेराएवढी वस्तू बाहेर जाणाऱ्या हवेच्या मार्गावर बसविलेली असते. हवा प्रमाणाबाहेर तापली, कित्येक यंत्रांत सुमारे ९० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली, की ती कायमची तुटते व पुन्हा जुळत नाही. काही यंत्रांत तिच्यामुळे केवळ ज्वाला बंद होते. पुष्कळांत मोटरच थांबते. यंत्राची खुंटी खोबणीतून काढून, वितळतारेच्या दोन्ही जोडण्या सोडवून तिचा रोध मापकाने मोजावा. धड वितळतार जवळजवळ शून्य ओहम दाखविते. तुटलेलीतून प्रवाह मुळीच जात नाही.

ही वस्तू स्वस्त असते, पण ती हाताशी नसल्यास तिच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडून यंत्र चालू करण्याचा मोह अनेकांस होतो. यंत्र खरोखरच चालू लागते, आणि यातच धोका आहे. वितळतार सहसा आपल्या दोषाने तुटत नाही. हवा अडली म्हणून ती तुटते. कपड्यांतून निघालेला तंतुमय कचरा जाळीतून निसटून बाहेर जाणाऱ्या नळीत साचतो. हवा मंदावते, यंत्र तापते, आणि तो कचरा कापसासारखा पेट घेतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या हिशेबाप्रमाणे २००८ ते २०१० या काळात तेथील निवासी इमारतींत दरवर्षी अशा आगी सुमारे २,९०० लागल्या आणि त्यांत वर्षाकाठी अंदाजे ५ माणसे मृत्युमुखी पडली व १०० जखमी झाली. या आकड्यांत विजेची व गॅसची अशी दोन्ही यंत्रे आली. आगीस कारण झालेल्या गोष्टींत यंत्र स्वच्छ न ठेवणे ही पहिली होती. तिचा वाटा ३४ टक्के होता.

गॅसच्या यंत्रात आणखी एक भय आहे. ज्वालेतून निघणारे वायू त्याच नळीने बाहेर जातात. नळी तुंबली वा निसटली तर ते घरात पसरतात, आणि ज्वलन अपुरे झाल्यास त्यांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास ना रंग ना वास. म्हणून अशा घरांत त्याची सूचना देणारे उपकरण लावितात.

यास्तव नवी वितळतार बसविण्यापूर्वी यंत्राच्या मागील नळी सोडवून ती भिंतीपलीकडील तोंडापर्यंत झाडून काढावी. ही नळी बहुधा ४ इंच व्यासाची असते. ती प्लास्टिकची किंवा पातळ पन्नीची असल्यास तिच्या जागी पत्र्याची बसवावी. नळी पुन्हा घट्ट जोडल्यावर यंत्र चालू करून घराबाहेर जावे आणि नळीच्या तोंडावरील झडप पाहावी. ती हवेच्या जोराने सताड उघडली पाहिजे. नुसतीच थरथरत असेल, तर कचरा अजून आत कोठे तरी आहे आणि नवी वितळतारही फार दिवस टिकणार नाही.