पाचव्या फेरीत नवं काय कळतं?

कामाची बदलती दुनिया : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरची ओळख करून घेतली. त्या चाळणीतून जो खाली पडतो, त्याला फोन येतो आणि खरी दमछाक तिथून सुरू होते. आधी रिक्रूटरशी जुजबी बोलणं, मग ऑनलाइन कोडिंग टेस्ट. त्यानंतर टेक्निकल राउंड एक, टेक्निकल राउंड दोन, सिस्टिम डिझाइन, मॅनेजेरियल, ‘कल्चर फिट’ आणि शेवटी एचआर. मधेच कुणाच्या तरी मनात येतं म्हणून ‘एक छोटीशी असाइनमेंट’, जी अख्खा शनिवार-रविवार गिळते. हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी बदलू पाहणाऱ्या कुणालाही विचारा, ही यादी पाठ असते. एवढं करून उत्तर काय येतं, तर ‘प्रोफाइल सध्या होल्डवर आहे, कळवतो.’

आता दुसरं टोक पाहा. ज्याच्या हाती पुढे अख्खा जिल्हा द्यायचा, त्या आयएएस अधिकाऱ्याची यूपीएससी मुलाखत किती वेळा घेते? एकदा. लेखी परीक्षा कठीण, मान्य; पण २०२५ गुणांपैकी मुलाखतीला २७५, आणि तीही एकाच मंडळासमोर, साधारण अर्ध्या तासात. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६पासून गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’मधल्या अराजपत्रित पदांची मुलाखतच काढून टाकली. वशिल्याला वाव नको हा हेतू होता. खासगी कंपन्यांनी हेच करावं असं मी म्हणणार नाही. सोबत काम करायच्या माणसाशी बोलायला हवंच. प्रश्न आहे तो किती वेळा बोलायचं याचा.

या प्रश्नाचं उत्तर एका कंपनीने स्वतःच्याच आकड्यांतून शोधलं. गुगलमध्ये सुरुवातीच्या वर्षांत एकेका उमेदवाराच्या डझनभर किंवा त्याहूनही जास्त मुलाखती होत. पुढे तिथल्या टॉड कार्लाइल यांनी जुन्या मुलाखतींचे गुण आणि अंतिम निर्णय ताडून पाहिले. चार मुलाखतींनंतर निर्णयाचा अंदाज ८६ टक्के खात्रीने बांधता येत होता. त्यापुढची प्रत्येक मुलाखत त्यात जेमतेम एका टक्क्याची भर घालत होती. मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१५च्या ‘वर्क रूल्स’ या पुस्तकात हे सविस्तर मांडलं आहे. गुगलची नक्कल करत कोडी घालणारे आणि फेऱ्या वाढवणारे पुष्कळ निघाले. हा चारचा नियम मात्र फार थोड्यांनी उचलला.

ज्यादा फेऱ्यांनी फायदा नसेल, पण तोटा तरी काय, असं कुणी म्हणेल. तोटा आहे आणि तो साध्या गुणाकारात दिसतो. समजा, शंभर चांगले उमेदवार आहेत आणि शंभर कच्चे. चांगला माणूस एका फेरीतून पार होण्याची शक्यता ९० टक्के धरू, कच्च्याची ३० टक्के. प्रत्येक फेरीत नापास म्हणजे घरी. चार फेऱ्यांनंतर चांगल्यांपैकी ६६ उरतात आणि कच्च्यांपैकी जेमतेम एक. आणखी तीन फेऱ्या घ्या : चांगले उरतात ४८. म्हणजे त्या एका कच्च्या माणसाला अडवण्यासाठी अठरा चांगली माणसं परत पाठवली. आकडे माझे, मांडणीसाठी घेतलेले. ते बदलून पाहा, दिशा तीच राहील. शिवाय यात प्रत्येक फेरी काहीतरी वेगळं तपासते असं गृहीत धरलंय. प्रत्यक्षात तिसरा माणूसही तेच विचारतो, ‘स्वतःबद्दल थोडं सांगा.’ उत्तरं घोकून आलेला कच्चा उमेदवार अशा सात फेऱ्याही आरामात पार करतो.

वाट पाहण्यातही गळती असतेच. ज्याच्याकडे कौशल्य आहे, त्याला दीड महिन्यात दुसरीकडून ऑफर येते आणि तो जातो. शेवटपर्यंत टिकणाऱ्यांत ज्याच्या हातात दुसरं काहीच नाही, असाही माणूस असतो. आणि नोकरी सांभाळून मुलाखती देणाऱ्याने किती वेळा आजारी पडायचं? पार्किंगमधल्या गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन किती वेळा बसायचं? लहान मूल असलेल्या बाईने दर वेळी ‘उद्या संध्याकाळी सात वाजता जमेल का?’ला हो कसं म्हणायचं? हा वेळ कंपनीच्या कुठल्याच हिशेबात धरला जात नाही, म्हणूनच तो इतक्या सढळ हाताने खर्च होतो. करोनानंतर मुलाखती व्हिडिओ कॉलवर आल्या, उमेदवाराला बोलावण्याचा खर्च संपला आणि मुलाखत घेणाऱ्याला ‘अजून एकदा बोलून घेऊ’ म्हणणं फारच सोपं झालं.

मग कंपन्या हे का करतात? एक कारण रास्त आहे. पूर्वी चुकीचा माणूस घेतला गेला, प्रोजेक्ट बोंबलला, दुधाने तोंड पोळलं; आता ताकही फुंकून पितात. दुसरं कारण कुणी उघड बोलत नाही. सात जणांनी होकार दिला असेल, तर माणूस चुकीचा निघाल्यावर खापर कुणा एकाच्या डोक्यावर फुटत नाही. माझं मत विचाराल तर फेऱ्या वाढण्याचं मूळ इथे आहे. चौथ्यानंतरच्या फेऱ्या उमेदवाराला पारखायला नसतात. निर्णयाची सही वाटून घ्यायला असतात.

अचूकता वाढवायची असेल तर रस्ता वेगळा आहे आणि तो जुना आहे. १९५५ साली इस्रायली सैन्यात डॅनियल कानेमान नावाच्या एकवीस वर्षांच्या लेफ्टनंटवर भरतीच्या मुलाखती सुधारण्याचं काम आलं. तोवर मुलाखतकार गप्पा मारून मनावर उमटलेल्या छापेवरून शेरा देत. कानेमान यांनी सहा गुण ठरवून दिले, प्रत्येकासाठी गतआयुष्याबद्दलचे ठरलेले प्रश्न दिले आणि एका गुणाला गुणांक दिल्याशिवाय पुढच्याकडे वळायचं नाही असं बजावलं. मुलाखतकार चिडले, आम्हाला यंत्रं बनवताय, असं त्यांचं म्हणणं. त्यांची समजूत काढायला शेवटी डोळे मिटून एक अंतःप्रेरणेचा गुणांकही द्यायची मुभा ठेवली. काही महिन्यांनी पडताळा घेतला तेव्हा नवी पद्धत जुनीपेक्षा सरस ठरली, आणि मजा म्हणजे डोळे मिटून दिलेला गुणांकही चांगला निघाला. आधी शिस्तीने माहिती गोळा केली तर अंतःप्रेरणाही कामाची ठरते. याच कानेमान यांना २००२मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये निवडपद्धतींवरच्या जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली. पुढच्या कामगिरीशी आखीव मुलाखतीचा संबंध ०.४२ निघाला आणि सैल गप्पांचा ०.१९. पूर्ण अचूक असेल तर हा आकडा १ असतो. म्हणजे सर्वोत्तम मुलाखतही अर्धवटच सांगते, आणि गप्पांची संख्या वाढवून आखणीची उणीव भरून निघत नाही.

तुम्ही मुलाखती घेणारे असाल तर पुढची जागा भरण्याआधी एका कागदावर लिहा : कोणती फेरी काय तपासणार, आणि अंतिम निर्णय कुणाचा. ज्या फेरीसमोर काही लिहिता येत नाही, ती काढून टाका. उमेदवार असाल तर पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारा : एकूण फेऱ्या किती, असाइनमेंट आहे का, उत्तर किती दिवसांत मिळेल. यात उद्धटपणा काही नाही. आणि एवढं विचारल्यावर रिक्रूटर चाचरायला लागला, तर बाकीचे अर्ज चालूच ठेवा.

(पुढील लेखांक : नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड)