आरव्हीच्या फोमच्या फ्लोअरमध्ये स्क्रू का टिकत नाही?

आज बोलूया आरव्हीबद्दल, म्हणजे चाकांवरच्या घराबद्दल. अमेरिकेत असे ट्रेलर घेऊन त्यात आपल्या सोयीने कपाट, टेबल बसवणारे बरेच जण आहेत. कपाट हललं की पहिला विचार येतो, अजून लांब स्क्रू घालू. इथेच गडबड होते.

बऱ्याच हलक्या ट्रेलर्सचं फ्लोअर म्हणजे सँडविच असतं. वर पातळ प्लाय, खाली पातळ थर आणि मध्ये थर्माकोलच्या जातीचा फोम. चालताना ते भक्कम वाटतं. पण स्क्रूचे आटे धरतात फक्त वरच्या प्लायला. फोम काहीच धरत नाही. मग स्क्रू एक इंचाचा घ्या नाहीतर तीन इंचाचा, पकड तेवढीच!

आता एक हिशोब बघा. कपाट 40 किलोचं, 120 सेंटीमीटर उंच, 30 सेंटीमीटर खोल, तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला. जोरात ब्रेक मारला की ते पुढे कलंडायला बघतं. वजनाच्या पाऊणपट जोर धरला, तर मागच्या स्क्रूंवर वर उपटणारा ताण साधारण 40 किलोचा येतो. रस्त्यावरचे हादरे वेगळेच.

मग करायचं काय?

पहिला पर्याय: आतली फ्रेम शोधा. फोमच्या मध्ये बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप असतात. लोखंडी असतील तर चुंबकाने सापडतात, ॲल्युमिनियमचे नाही. त्यामुळे कंपनीचं ड्रॉइंग मिळालं तर उत्तम. पाइप पातळ असेल तर साध्या स्क्रूपेक्षा रिव्हनट बरा.

दुसरा: आरपार बोल्ट. खाली छोटा वॉशर नको, रुंद धातूची पट्टी लावा आणि नायलॉक नट वापरा. पण नट कचकचून आवळला तर फोम दबतो आणि काही दिवसांत सगळं ढिलं पडतं. म्हणून भोकात फ्लोअरच्या जाडीएवढी धातूची नळी घाला, म्हणजे दाब नळीवर जातो.

तिसरा, खालून हात पोचत नसेल तर: वरच्या प्लायला मोठं भोक पाडा, वाकवलेल्या खिळ्याने आजूबाजूचा फोम कोरून काढा, तिथे घट्ट इपॉक्सी भरा. पूर्ण सुकल्यावर त्यात नवं भोक पाडून स्क्रू बसवा. बोटी दुरुस्त करणारे हीच युक्ती वापरतात. हलक्या सामानाला हे पुरतं.

ड्रिल चालवण्याआधी खाली वाकून बघाच. पाण्याची टाकी, वायरी, गॅसची नळी तिथूनच जाते. आणि प्रत्येक भोक सीलंटने बंद करा, कारण पाणी शिरलं की प्लाय कुजतो आणि थर सुटतात.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. सीटबेल्टची सीट यातल्या कुठल्याही जुगाडावर बसवू नका. ती थेट गाडीच्या चासीलाच, तीही जाणकाराकडूनच. अपघातात तिथे सामान नसतं, माणूस असतो.