ताण सरला, तरी झोप का येत नाही?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांना आलेल्या महापुराने सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील अनेक गावे वेढली गेली. अशा आपत्तीत महसूल व ग्रामपंचायतीचे कर्मचारी, शिक्षक, आरोग्यसेविका आणि पंचायतीचे सदस्य यांना रात्रीचा दिवस करावा लागतो. माणसे सुरक्षित स्थळी हलविणे, निवाऱ्याची सोय, धान्यवाटप, पंचनामे अशी कामे एकामागून एक येतात. पुढे पाणी ओसरते, गाव हळूहळू सावरते. परंतु आता निवांत झोपावे म्हणून अंथरुणाला पाठ टेकली, तर डोळ्याला डोळा लागत नाही. निवडणुकीचे काम, परीक्षांचा हंगाम, मार्चअखेरचे हिशेब किंवा घरातील दीर्घ आजारपण यांनंतरही अनेकांना हाच अनुभव येतो. काम संपले, काळजी मिटली, मग झोप का परतत नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो.

चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. यांपैकी एक खांब खचला की त्याचे परिणाम केवळ त्या व्यक्तीपुरते राहत नाहीत. अपुऱ्या झोपेमुळे लक्ष विचलित होते, चिडचिड वाढते, निर्णयात चूक होते आणि वाहन चालविताना डुलकी लागून अपघात घडू शकतो. म्हणून या प्रश्नाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

झोपेचे दोन आधार

झुरिक येथील शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये झोपेच्या नियमनाची जी उपपत्ती मांडली, ती आजही आधारभूत मानली जाते. तिच्यानुसार झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट म्हणजे झोपेची भूक. आपण जितका वेळ जागे राहतो, तितकी ती वाढत जाते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातील घड्याळ. सकाळच्या उजेडाने ते दररोज जुळविले जाते आणि रात्रीची ठराविक वेळ झाली की शरीराला विश्रांतीकडे नेते.

याखेरीज शरीरात सावधगिरीची एक यंत्रणा आहे. संकटाच्या काळात ती नाडी जलद करते, स्नायू ताठ ठेवते आणि बारीकशा आवाजानेही माणसाला जागे करते. पुराच्या रात्री ही यंत्रणा उपकारकच ठरते. संकट टळल्यावर ती एकाएकी शांत होत नाही. तिला काही दिवस लागतात. तेवढ्यापुरती झोप उणावणे हा आजार नव्हे. बहुतेकांची झोप अशा वेळी आपोआप पूर्वपदावर येते.

उपायच अपाय ठरतात

काहींच्या बाबतीत मात्र तसे घडत नाही. त्याचे कारण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये स्पष्ट केले. काही माणसांची प्रकृती मुळातच हलक्या झोपेची असते. एखादा ताणाचा प्रसंग निद्रानाशाला सुरुवात करून देतो. परंतु तो टिकवून धरतात त्या आपल्याच सवयी. झोप भरून काढण्यासाठी माणूस लवकर अंथरुणात शिरतो, सकाळी उशिरापर्यंत पडून राहतो, दुपारी दोन तास झोपतो आणि मरगळ घालविण्यासाठी संध्याकाळी चहा घेतो. त्यामुळे झोपेची भूक रात्रीपूर्वीच मोडते व शरीराचे घड्याळ विस्कळीत होते. जेवणापूर्वी सारखे काहीबाही खात राहिल्यास ताटावर बसून भूक लागत नाही, तसाच हा प्रकार होय.

चहा-कॉफीतील कॅफीन मेंदूला झोपेची भूक जाणवू देत नाही. त्याचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर येण्यास सर्वसाधारणपणे पाच तास लागतात. म्हणजे सायंकाळी पाच वाजता घेतलेल्या चहातील निम्मे कॅफीन रात्री दहालाही शरीरात असू शकते.

शिवाय रोज रात्री तळमळत पडून राहिल्याने अंथरूण आणि जागरण यांची मनात सांगड बसते. ओसरीवर बसल्याबसल्या पेंगणारा माणूस गादीवर येताच टक्क जागा होतो, तो यामुळेच. झोप ही हट्टाने आणता येत नाही. आज झोप लागलीच पाहिजे, असा निश्चय करणे म्हणजे स्वतःवर पहारा ठेवणे होय.

काय करावे?

या जाणिवेतून तयार झालेली, विचार व सवयी बदलण्याची उपचारपद्धती दीर्घकालीन निद्रानाशात प्रथम वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली. १९७२ मध्ये रिचर्ड बुटझिन यांनी मांडलेले नियम हा या पद्धतीचा गाभा आहे. ते घरच्या घरी पाळता येतात.

पहिला नियम उठण्याच्या वेळेचा. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठावे आणि थोडा वेळ उघड्यावर, उजेडात घालवावा. सुटीच्या दिवशीही यात बदल करू नये.

दुसरा नियम असा की, डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर जावे. कार्यालयाची कागदपत्रे, मोबाइलवरील संदेश आणि उद्याची चिंता यांना तेथे थारा देऊ नये. सुमारे वीस मिनिटे उलटली तरी झोप येत नाही असे वाटल्यास उठून दुसऱ्या जागी मंद प्रकाशात शांत बसावे व पेंग आल्यावरच परतावे. ही वेळ अंदाजाने ठरवावी. घड्याळ नजरेआड ठेवलेलेच बरे.

तिसरी गोष्ट अंथरुणातील वेळेची. समजा, एखादे शिक्षक रात्री दहा ते सकाळी सात असे नऊ तास अंथरुणात असतात, पण प्रत्यक्षात सहाच तास झोपतात. त्यांनी काही दिवस साडेअकराला झोपून सहाला उठावे. झोप सलग लागू लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटे वाढवावीत. अंथरुणातील वेळ पाच तासांहून कमी मात्र कधीही करू नये. सुरुवातीस दिवसा पेंग येते, हे ध्यानात ठेवून वाहन चालविताना विशेष जपावे. फेफरे किंवा तीव्र मनोविकार असणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये.

त्याचबरोबर दुपारनंतर चहा टाळावा. दुसऱ्या दिवशीची कामे सायंकाळीच वहीत लिहून ठेवावीत, म्हणजे रात्री ती मनात घोळत नाहीत. या पद्धतीचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. दोन रात्रींत निराश होऊन ती सोडू नये.

गोळी आणि मद्य

झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि थोड्या दिवसांपुरत्याच घ्याव्यात. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची गोळी घेणे धोक्याचे आहे. काही गोळ्यांची सवय जडते आणि वृद्धांमध्ये तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. दीर्घकाळ चालू असलेली गोळी एकदम बंद करणेही हिताचे नाही. ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करावी. मद्याने डोळा लवकर लागतो खरा, पण उत्तररात्रीची झोप तुटक होते.

तज्ज्ञांकडे केव्हा जावे?

आठवड्यातून किमान तीन रात्री झोपेची तक्रार राहून ती तीन महिन्यांपर्यंत टिकली, तर तिला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. पण इतके थांबण्याची आवश्यकता नाही. कामावर परिणाम होऊ लागताच सल्ला घ्यावा. मोठ्याने घोरताना श्वास अडणे, सतत उदास वाटणे किंवा आपत्तीची भयस्वप्ने महिनाभर पडत राहणे ही वेगळ्या आजारांची लक्षणे असू शकतात. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, माणसे झोपेत असताना झाला. अशा प्रसंगातून वाचलेल्यांना रात्रीचेच भय वाटू लागले, तर तो मनाचा दुबळेपणा समजू नये. जीव नकोसा वाटत असल्यास क्षणाचाही विलंब करू नये. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

आपत्तीनंतर पडलेल्या भिंतींची नोंद पंचनाम्यात होते, उडालेल्या झोपेची होत नाही. म्हणूनच पंचायत सदस्यांनी घरोघरी जाताना झोप लागते का, एवढे आवर्जून विचारावे. शाळेत पेंगणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी शिक्षकांनी त्याच्या घरची रात्र कशी गेली हे जाणून घ्यावे. अधिकाऱ्यांनी पाळ्या लावून सहकाऱ्यांना विश्रांती द्यावी आणि निकडीचे काम नसल्यास रात्रीचे दूरध्वनी टाळावेत. दुसऱ्यांसाठी रात्री जागलेल्या माणसाला त्याची झोप परत मिळवून देणे, हेदेखील पुनर्वसनाचेच काम आहे.